अण्णांच्या इंजिनाचा हिरवा

हिरवा म्हणजे कुठला हिरवा, हे तोंडाने सांगता येत नाही. बघा कधी सांगून. वडिलांच्या तोंडून एकच एक हिरवा काढून घ्यायला मी वर्ष घालवलं, आणि मी काही रंगातली अडाणी नव्हते. नाशिकला एका सरकारी कचेरीत ट्रेसर होते. धरणांचे नि कालव्यांचे नकाशे शाईने उतरवून काढायचे, कालवा निळा, रस्ता तांबडा, गावाची हद्द तुटक रेघेने. माझा हात इतका स्थिर की साहेब विचारायचे, बाई, तुम्ही मध्येमध्ये श्वास तरी घेता ना? त्या हाताने घरी काय दिवे लावले, ते आता सांगते.

माझे वडील, म्हणजे अण्णा, रेल्वेत. मनमाडच्या शेडमध्ये आधी इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन, मग ड्रायव्हर. एकोणीसशे ऐंशीच्या पुढेमागे निवृत्त झाले आणि मनमाडचं क्वार्टर सोडून आई नि ते माझ्याकडे नाशिकरोडला राहायला आले. मी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे म्हातारपणी कुणाकडे राहायचं हा प्रश्नच कुणाला पडला नाही. दोन खोल्या आणि पुढे एक ओटा. अण्णांचा वेळ जाता जाईना. सुरुवातीला रोज स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचे आणि विजेच्या इंजिनांना नावं ठेवायचे. "ह्याला काय चालवायचं? बटण दाबलं की चाललं. इंजिन हाय का पंखा?" आई म्हणायची, ह्यांना घरात तरी काही काम दे बाई, नाहीतर स्टेशन मास्तर एक दिवस हाकलून देईल. मग एका सकाळी अण्णा गोडेतेलाचा रिकामा डबा घेऊन ओट्यावर बसले आणि कातरीने उभा कापायला लागले.

त्या डब्याचं त्यांनी इंजिन केलं. खेळण्यातलं नव्हे हो, मापाचं. खऱ्या इंजिनाच्या एका फुटाला पाव इंच, असा हिशोब. मागचा कोळशाचा डबा, म्हणजे टेंडर, धरून दीड फुटाच्या वर लांब. मापं कुठून आणली? डोक्यातून. चाक त्यांच्या कमरेच्या वर कुठे लागायचं, शिडीची पायरी गुडघ्याला कुठे लागायची, त्यावरून काढली. मी कचेरीतल्या नकाशांसारखं रीतसर ड्रॉइंग काढून देते म्हटलं तर म्हणाले, "कशाला? मी काय त्याला विसरलोय?" आणि रिव्हेट! इंजिनाच्या अंगभर घुंडीसारखे ठोकलेले असतात ते. ग्रामोफोनची बोथट झालेली पिन लाकडी मुठीत बसवून, पत्रा उलटा धरून, मागून हलकेच टोचायचे. पुढच्या बाजूला बाजरीच्या दाण्याहून बारीक फुगवटा यायचा. ओळच्या ओळ, एका रेषेत. एखादा तिरका गेला तर सगळी पट्टी फेकून नवी कापायची. दोन वर्षं हेच चाललं होतं. आई म्हणायची, एवढ्या टाक्यांत गोधड्या झाल्या असत्या.

इंजिन पुरं झालं तेव्हा अण्णा म्हणाले, "रंग मात्र तू द्यायचा. तुझा हात चांगला."

आणि रंग कुठला, तर हिरवा. मी चाटच पडले. मनमाडला माझं सगळं लहानपण गेलं, मी एकजात काळीच इंजिनं बघितली होती. "ती नंतर काळी केली," अण्णा म्हणाले. "मी पहिल्यांदा ज्याच्यावर चढलो ते हिरवं होतं. दौंड पॅसेंजरचं. मी पुसायचो त्याला." फोटो एकच, ड्रायव्हर आणि फायरमन इंजिनापुढे उभे असलेला, तोही काळापांढरा. म्हणजे तो हिरवा आता जगात फक्त एका ठिकाणी शिल्लक होता, अण्णांच्या डोक्यात. बरोबर की चूक, हे सांगणारे डोळेही त्यांचेच.

आणि त्याच डोळ्यांना काय झालं होतं, ते आम्हाला त्याच सुमाराला कळलं. अण्णा चहाचा कप ठेवायला जायचे आणि तो स्टुलाच्या कडेवर टेकायचा. दारातून जाताना खांदा चौकटीला लागायचा. आई चिडायची, लक्ष कुठे असतं तुमचं? डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले आणि काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले. उरलेली थेंब घालून टिकवायची. किती दिवस टिकेल? ते सांगता येत नाही, म्हणाले. घरी आल्यावर चप्पल काढता काढता अण्णा म्हणाले, "मग रंगाचं जरा लवकर घे."

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. अण्णांना दिसतंय तोवर त्यांचं इंजिन त्यांच्या हिरव्यात त्यांच्यासमोर उभं करायचं, एवढंच डोक्यात.

आता रंग कुठला घ्यावा? तैलरंगाचा डबा आधी आणला. त्याला टर्पेंटाइन लागतं, त्याच्या वासाने अण्णांच्या डोळ्यांना धार लागली आणि आईने डबा उचलून मोरीत नेऊन ठेवला. शिवाय तो रंग जाड. एका हातात रिव्हेट बुजायला लागले. पोस्टर कलर पातळ होतो, पण ओलं बोट लागलं की निघून येतो, आणि अण्णा तर हात लावल्याशिवाय राहणारे नव्हते. मेनरोडच्या चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मग ॲक्रिलिक मिळाला. तेव्हा नवाच होता, दुकानदार मुंबईहून थोड्याच ट्यूबा आणायचा. पाण्यात कालवायचा, वास नाही, घटकाभरात वाळतो, आणि वाळला की पाण्याने निघत नाही. मला वाटलं, चला, सुटले.

कुठली सुटतेय! ट्यूबमधला रंग लोण्यासारखा असतो. तो तसाच लावला की ब्रशच्या केसांचे ओरखडे उमटतात. पाणी जास्त झालं तर रिव्हेटच्या भोवती डबकं होतं आणि टोक उघडं पडतं. साय काढलेल्या दुधाइतका पातळ झाला पाहिजे. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा, मग तिसरा. पाणी थेंबाथेंबाने घालायचं. त्यासाठी मी अण्णांच्या डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन घेतली, तिच्या नळीतून थेंब नेमका पडायचा. उन्हाळ्यात तर ब्रश पत्र्यापर्यंत नेईतो रंग वाळायला लागायचा. मग त्यात ग्लिसरिनचा एक थेंब घालायची, म्हणजे जरा दम धरायचा. हे सगळं कुणी शिकवलं नाही, चुकत चुकत आलं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मी रंगाच्या पट्ट्या ओढायची आणि रविवारी सकाळी, उन्हं ओट्यावर आली की, अण्णांपुढे धरायची.

"तसा नाय."

"मग कसा?"

"अगं, कांद्याच्या पातीसारखा."

"पात खाली पांढरी असते, वर हिरवी असते, कोवळी पोपटी असते. कुठली पात, अण्णा?"

"जून. पण वाळलेली नाय. चांदवडकडं शेतात उभी असती ना, काढायच्या आधी, तशी."

मग मी भाजीबाजारातून पात आणायची, आणि ती हटकून कोवळी निघायची. आई तिची झुणक्यात वाट लावायची. पिवळा वाढव, काळ्याचा ठिपका टाक, निळा कमी कर. रविवारी विहारात जायचंही माझं सुटलं होतं. शेजारणी विचारायच्या, बरी आहेस ना? उन्हाळा संपता संपता एका पट्टीवर अण्णांनी मान हलवली. पट्टी जवळ धरली, लांब धरली, मान जराशी वाकडी करून बघितली. "हां. हे जवळ आलं. अजून एक चिमूट उजळ कर, की झालं." मला नाचावंसं वाटलं. ती पट्टी मी कपाटाच्या दाराला आतून टाचणीने लावून ठेवली. तेच मिश्रण, एक चिमूट उजळ, ठरलं. इंजिनाला अस्तराचा तांबडा प्राइमर पातळ करून दिला. पुढच्या रविवारी हिरवा लावायला बसायचं.

त्या रविवारी रंग फाटला.

दुसरा शब्दच नाही. नासलेल्या दुधात पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे होतो, तसा वाटीत हिरव्याचा रवा झाला. ब्रश फिरवला की पत्र्यावर कण. टाकला, पुन्हा कालवला, पुन्हा तेच. दुसरी ट्यूब फोडली, तीही तशीच. माझं डोकंच फिरलं. दुकानात जाऊन मी दुकानदाराला नाही नाही ते बोलले, जुना माल गळ्यात मारता, लाज वाटत नाही का! तो बिचारा माझ्यासमोर ट्यूब उघडून त्याच्या तांब्यातल्या पाण्यात रंग कालवून दाखवत बसला, आणि रंग अगदी सुरेख कालवला गेला. "बाई, तुमच्याच हातात काहीतरी आहे," म्हणाला. मी तणतणत घरी आले. घरी पुन्हा रवा. ग्लिसरिन बदललं, वाटी बदलली, ब्रश साबणाने धुतला. आठवड्यांमागून आठवडे गेले. हात टेकले मी. आणि तिकडे अण्णा रोज सकाळी विचारायचे, "जमलं का गं?" जमलं नाही म्हणायची मला लाज वाटायची.

उत्तर मोरीशेजारीच होतं. पावसाळ्यात आमच्या नळाला चहासारखं पाणी यायचं. आई ते हंड्यात भरून त्यात तुरटी फिरवायची. मनमाडला पाण्याची रड बारमाही, तिथली ही सवय. दहा वेळा गोल, वर पातेलं झाकून ठेवायचं, तासाभराने वरचं पाणी आरशासारखं आणि तळाला गाळ. एक दिवस हंडा घासायला घेतला तेव्हा मी त्या गाळाकडे बघत बसले. बारीक बारीक कण, एकमेकांना धरून खाली बसलेले. माझ्या वाटीत अगदी असंच दिसत होतं! तुरटीचं कामच ते. पाण्यात जे तरंगतंय ते गोळा करायचं आणि खाली बसवायचं. तिला काय, चिखल काय नि माझा हिरवा काय. आणि मी हौसेने त्या बाटलीत आईचं निवळलेलं, स्वच्छातलं स्वच्छ पाणी भरत होते! आईला सांगितलं तर ती म्हणाली, "घ्या. म्हणजे माझंच चुकलं." तिचं कसलं चुकलं? कुणाचंच नाही. मला हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं, इतकी मी दमले होते.

बॅटरीच्या दुकानातून बॅटरीत घालायचं पाणी आणलं. रंग साय काढलेल्या दुधासारखा झाला. कपाटाच्या दारावरच्या पट्टीशी ताडून, एक चिमूट उजळ करून, इंजिनाला मी तीन पातळ हात दिले. नकाशावर नदी काढताना धरत नव्हते इतका श्वास धरून. सगळे रिव्हेट जसेच्या तसे उभे. उन्हात धरलं तर अंगावर काटा आला. अण्णांना ओट्यावर नेलं, मांडीवर इंजिन ठेवलं.

त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं. मान इकडून वाकवली, तिकडून वाकवली.

"पाण्याचं कळलं म्हणाली होतीस ना?"

"हो. का?"

"अजून गढूळच हाय गं. लय काळपट झालाय."

पहिल्यांदा माझं डोकंच भडकलं. मी घरात गेले, कपाटावरची पट्टी टाचणीसकट उपटून आणली आणि त्यांच्यापुढे नाचवली. "ही तुम्हीच पास केली होती! हिच्यापेक्षा इंजिन उजळ आहे. बघा!"

अण्णांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. उन्हाकडे तोंड केलं. म्हणाले, "ही? ही तर काळी हाय."

आई दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला. मी खाली बसले. पट्टी तीच होती. एकदा वाळलेला रंग असा दोन-चार महिन्यांत बदलत नाही. मी पाण्याशी भांडत होते, दुकानदाराशी भांडत होते, आणि तेवढ्या दिवसांत अण्णांच्या डोळ्यांतला उन्हाळा निघून गेला होता. तुरटी सापडली म्हणून मी हसत होते. त्याच्यावर काही सापडणार नव्हतं.

मी काय करायला हवं होतं? तुम्हीच सांगा. हाच खरा हिरवा आहे, तुमचे डोळे गेलेत, असं तोंडावर सांगायचं? मला जमलं नाही. मी म्हटलं, "थांबा, उजळ करते." दुसऱ्या रविवारी पिवळा घालून आणखी एक हात दिला. "हां, जरा बरा हाय," म्हणाले. पंधरा दिवसांनी पुन्हा काळपट. पुन्हा एक हात, पिवळा आणि पांढरा. डॉक्टर थेंब बदलत होते, मी रंग बदलत होते. पांढरा घातला की रंग जाड होतो, आणि पातळ ठेवावा तर खालचा गडद वर डोकावतो, अण्णांना लगेच काळं दिसतं. म्हणून जाड. दिवाळीपर्यंत इंजिन पोपटी झालं. संक्रांतीपर्यंत कैरीच्या आतल्या गरासारखं. येणारेजाणारे बघायचे आणि काही न बोलता चहा प्यायचे. एकाने विचारलंच, हे कुठल्या देशातलं इंजिन? आईने त्याच्याकडे असं बघितलं की पुन्हा तो आलाच नाही.

मग एक दिवस अण्णांनी विचारणंच सोडलं. सकाळी ओट्यावर बसायचे, ऊन कुठल्या बाजूने येतंय तेवढं कळायचं त्यांना. म्हणाले, "इंजिन दे जरा." मी मांडीवर दिलं. त्यांचा अंगठा बॉयलरवरून फिरला, मग टेंडरच्या कडेने, मग परत मागे. एका जागी घोटाळत राहिला. चेहरा असा झाला, जणू घरात शिरल्यावर कुणी सामानच हलवलेलं असावं.

"रिव्हेट कुठं गेले गं?"

कुठे जाणार? सगळे मी दिलेल्या रंगाच्या हातांखाली होते. पिन मागून टोचून टोचून, त्यांना दिसत होतं तेव्हा त्यांनी उठवलेले. आता दिसेनासं झाल्यावर बोटांना लागायला एवढेच तर उरले होते, आणि मी त्यांच्या डोळ्यांमागे धावता धावता ते लिंपून टाकले होते. अण्णा अंगठा फिरवतच राहिले. "हे आपलंच हाय ना?" म्हणाले.

गॅरेजवाल्याकडून गाड्यांचा रंग काढायचं थिनर आणलं. ओट्यावर बसून कापसाच्या बोळ्याने एकेक पट्टी पुसली. रंगाला सुरकुत्या पडून साली निघायच्या, वर कैरीचा फिका, खाली पोपटी, त्याखाली खरा हिरवा, मग प्राइमर. खरा हिरवा निघताना मी दुसरीकडे बघितलं. रिव्हेटच्या बुडातला रंग सुईने कोरून काढला. आठवडाभर कचेरीतून आले की तेच. शेवटी पत्रा स्वच्छ झाला, सगळ्या ओळी पुन्हा वर आल्या. खऱ्या हिरव्याचं मिश्रण मी पुन्हा कालवून बाटलीत भरलं, चांगल्या पाण्यात. आता तीन हात, पातळ, बस्स. यापुढे कुणी काही म्हणो.

पण रंग द्यायच्या आधीच अण्णांनी इंजिन मागितलं. सांगायला तोंड उघडलं तोवर ते त्यांच्या मांडीवर होतं. अंगठा ठेवला आणि हसले. किती महिन्यांनी हसले.

"हां! आता बसला बघ. आता कसा पातळ बसलाय. रिव्हेट न् रिव्हेट लागतोय."

मी हातातला ब्रश खाली ठेवला.

"हिरवाच हाय ना? आपला?"

"हो, अण्णा."

"जून पातीसारखा?"

"अगदी. चांदवडच्या शेतातल्या."

ते मान हलवत बसले, पत्र्यावरून बोटं फिरवत. ज्या माणसाचा जन्म लोखंडात गेला त्याच्या बोटांना उघड्या पत्र्याचा गारवा कळला नसेल, असं मला वाटत नाही. कळला असणार. पण ते कधी बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. खऱ्या हिरव्याची बाटली कपाटात राहिली. लावायचा म्हटलं तर त्यांनी जे आहे म्हटलं, त्याच्यावर पुन्हा काय लावायचं? काही वर्षांनी उघडली तेव्हा तळाशी नुसतं हिरवं रबर झालं होतं.

अण्णा गेले. इंजिन माझ्याकडेच आहे. गंज चढू नये म्हणून मी महिन्याकाठी खोबरेल तेलाचा बोळा फिरवते. घरी येणारा नवा माणूस हटकून विचारतो, एवढं सुरेख केलंय, मग रंग का नाही दिला?

दिलाय की, मी म्हणते. हिरवा आहे.